नाताळची रजा कुणाला, पाळी कुणाला?



दर डिसेंबरला नाताळगीतांच्या सरावाची आणि मिस्साच्या सेवेची यादी करताना तीच उत्तरे कानावर येतात. "मला रात्रपाळी आहे." "शेठ सोडत नाहीत." "बेकरीत केकचा सीझन आहे." एक उत्तर मात्र कुणी देत नाही, कारण ते आपल्याच घरातले असते: "माझ्याकडे चार माणसे कामाला आहेत, त्यांना मी सोडू शकत नाही." आपल्यात नोकरी करणारे पुष्कळ आहेत, तसे माणसे कामाला ठेवणारेही आता कमी नाहीत. कुणाची बेकरी आहे, कुणाचे गॅरेज, कुणाचे केटरिंग. उद्यमबागेत कुणी लहानसे मशीनशॉप चालवतो. ज्याचा काहीच धंदा नाही त्याच्या घरीही भांडी घासायला मावशी येतातच. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी बोलायला हवा.

मालकांपासून सुरुवात करतो. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात सण कसा पाळावा हे सांगितले आहे. आनंद करणाऱ्यांची तिथे यादीच आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी एवढ्यावर ती थांबत नाही. दास, दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा अशी सगळी माणसे तिच्यात आहेत. मालकाचा सण कामाच्या माणसाशिवाय पुरा होतो असे त्या यादीवरून तरी दिसत नाही. आपल्याकडे अनेकदा उलट घडते. मालक कोट घालून रात्रीच्या मिस्साला जातो आणि भट्टीपाशी पोरगा पहाटेपर्यंत ट्रे काढत राहतो. तो पोरगा ख्रिस्ती नसेल तर "त्याला कुठे सण आहे" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याची झोप आणि त्याची पाठ यांचा धर्म कोणता? जादा काम घेतले असेल तर त्याचे पैसे द्यावेत. कारखान्याच्या कायद्यात जादा तासांना दुप्पट दर आहे. दुकान लहान म्हणून कायदा लागू होत नसेल, तरी न्याय लहान होत नाही.

"गिऱ्हाईक थांबत नाही" हे मला मान्य आहे. ज्याची वर्षाची निम्मी कमाई पंधरा दिवसांत होते, त्याला २४ तारखेला शटर ओढ असे सांगणारा मी कोण? पण ऑर्डर घेणे आपल्या हातात असते. "२१ तारखेनंतर नवी ऑर्डर नाही" अशी पाटी लावली की थोडे गिऱ्हाईक जाते, हे खरे. ते दुसऱ्याच्या बेकरीत गेले म्हणून आपली बेकरी बंद पडत नाही.

आता पैशांचे. याविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९६५च्या बोनस कायद्याने रीत घालून दिली ती अशी: किमान ८.३३ टक्के बोनस, आणि तो आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत. साहजिकच सगळीकडे तो दिवाळीला मिळतो आणि त्यात वाईट काही नाही. पण ख्रिस्ती कामगाराच्या घरी तो पैसा डिसेंबरपर्यंत क्वचितच उरतो. शाळेची फी, घरभाडे, कुणाचे आजारपण यांत तो जातो. डिसेंबरचा पगार हाती पडतो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे मुलांचे कपडे, फराळ, गावाकडचे तिकीट, सगळे नोव्हेंबरच्या पगारावर. मग माणूस उचल मागतो, आणि उचल मागणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्याला मागायला न लावता २२ तारखेला वीस दिवसांचा पगार दिला तर मालकाचे काय जाते? व्याजसुद्धा नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असे लेवीयात आहे. अनुवाद तर सूर्य मावळण्याआधी ती द्यावी म्हणतो, कारण त्या माणसाचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे याकोब लिहितो. एवढे सांगितलेले असताना आपण "पार्टी ठेवली आहे, केक कापू" म्हणतो. पार्टी चांगलीच, पण तिची वर्गणी पगारातून कापू नये!

नोकरी करणाऱ्यांनाही दोन शब्द. २४ तारखेला अचानक पोट दुखायला लागते, ही आपल्यातली जुनी साथ आहे. सत्य देहधारी झाले त्या रात्री खोटे बोलून रजा घ्यायची, हे मला पटत नाही. आणि खाडा केला की आपल्या वाटचे काम शेजारच्याच्या अंगावर पडते. रजेचा अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावा. केंद्र सरकारच्या कार्यालयांत २५ डिसेंबर ही सुट्टी असतेच, शिवाय २४ डिसेंबर ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीत असतो. कर्नाटकातल्या कारखान्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या सुट्ट्या ठरलेल्या असतात. सणांच्या बाकीच्या सुट्ट्या निवडायच्या असतात, आणि त्या निवडताना आपण गप्प बसतो. सणाच्या सुट्टीला कामावर बोलावलेच तर दुप्पट पगार, किंवा पगार आणि बदली सुट्टी, असा तिथला नियम आहे. तो माहीत असावा.

पण नियमापेक्षा मोठी गोष्ट सहकाऱ्यांशी असलेले नाते. दवाखान्यातल्या नर्सभगिनींकडून हे शिकावे. लक्ष्मीपूजनाची आणि ईदची पाळी ख्रिस्ती नर्स घेते, २५ डिसेंबरची पाळी तिच्या मैत्रिणी घेतात, कुणाला हुकूम काढावा लागत नाही. गणपतीत एकदाही कुणाची पाळी न घेतलेल्या माणसाने नाताळला हक्काची भाषा केली, तर सुपरवायझर ख्रिस्ती असला तरी काय करणार?

आणि ज्यांना रजा मिळालीच नाही त्यांनी खट्टू होऊ नये. देवदूताची बातमी पहिल्यांदा ऐकली ती रात्रपाळीवरच्या माणसांनी. लूकच्या दुसऱ्या अध्यायातले मेंढपाळ रात्री कळप राखत होते, म्हणजे कामावरच होते. आपल्या मिस्साग्रंथात नाताळचे एक नव्हे, चार मिस्सा आहेत: पूर्वसंध्येचा, रात्रीचा, पहाटेचा आणि दिवसाचा. पहाटेच्या मिस्साला मेंढपाळांचा मिस्सा म्हणतात, कारण ते गोठ्याकडे गेले तो भाग त्यात वाचला जातो. मी फादरांना विनंती केली आहे की रोषणाई थोडी कमी करू, पण पहाटेचा मिस्सा ठेवू. रात्रपाळी सुटली की थेट येता येईल अशी वेळ हवी. युनिफॉर्मवर आलात तरी चालेल.

२६ डिसेंबरलाही हाच विषय निघतो, हे सहसा लक्षात येत नाही. तो संत स्तेफनचा दिवस. स्तेफनला पहिला रक्तसाक्षी म्हणून आपण ओळखतो, पण त्याची निवड झाली ती एका तक्रारीमुळे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावलले जाते, अशी कुरकुर झाली. (भाषेवरून वाटपात डावलणे ही गोष्ट आम्हा बेळगावकरांना वेगळी समजावून सांगायला नको.) प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही, "सणासुदीला वाद नको" असेही म्हटले नाही. त्यांनी सात माणसे नेमली आणि वाटप नीट लावून दिले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झालेल्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकायला याहून चांगला आधार मालकाला मिळणार नाही.

शेवटी आपल्याच आवाराबद्दल. फाटकावरचा वॉचमन, झाडलोट करणारी बाई, फादरांच्या घरातला स्वयंपाकी, सॅक्रिस्टन, हे सगळे आपल्या मंडळीचे कामगार आहेत आणि त्यांचा नाताळ आपल्या सेवेत जातो. सगळे पाहुणे जेवून गेल्यावर स्वयंपाकी घरी पोचतो तेव्हा त्याची मुले झोपलेली असतात. यंदा त्यांचा डिसेंबरचा पगार २२ तारखेला द्यावा, असे मी पॅरिश कौन्सिलला लिहून दिले आहे. २५च्या दुपारी फादरांचे जेवण आमच्या प्रार्थना-गटातल्या पाच घरांतून येईल. आणि वॉचमनसाठी २४च्या संध्याकाळी सहापासून २५च्या संध्याकाळी सहापर्यंत फाटकावर दोन-दोन तासांच्या बारा पाळ्या लागतील. यादी व्हरांड्यातल्या फलकावर लावतो आहे. रात्री दोन ते चारची पाळी माझ्या नावावर आहे, बाकी अकरा रिकाम्या आहेत.