काष्ठौषधींची पारख गोदामातच व्हावी

वनस्पतीजन्य औषध म्हटले की ते निरुपद्रवीच असावयाचे, असा ग्राहकांचा भाबडा समज आहे. आणि आपण व्यापाऱ्यांनी तो दूर करण्याची तसदी क्वचितच घेतली आहे. आपला मुलूख १९६१ साली भारतात विलीन झाला. पुढे तीनच वर्षांनी, १९६४ च्या दुरुस्तीने, १९४० च्या औषध कायद्यात आयुर्वेदीय व युनानी औषधांस स्वतंत्र प्रकरण मिळाले. निर्मात्यास परवाना आवश्यक झाला. परंतु तयार आयुर्वेदीय औषध विकणाऱ्या दुकानदारास वेगळा परवाना आजही लागत नाही. तेथे पारख करावयाची ती आपणच.

अशोकाचेच उदाहरण घ्या. स्त्रीरोगांवर देण्यात येणाऱ्या अशोकारिष्टाचा सारा जीव अशोकाच्या सालीत. ती दुर्मिळ व महाग, म्हणून रस्त्याकडेच्या आसोपालवाची साल तिच्या नावाने खपविली जाते. कुटलेल्या मालातील ही लबाडी नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली व रासायनिक परीक्षेत ती उघडी पडते. एकदा अरिष्ट सिद्ध झाले की, कोणत्या गोणीत काय होते याचा माग लागणे कठीण. यास्तव गोण्या एकत्र ओतण्यापूर्वीच परीक्षा व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार गणला आहे, तो हाच.

दुसरे भय जड धातूंचे. (रसौषधींत धातू हेतुपुरस्सर घालतात, ती गोष्ट निराळी.) अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून आपल्या सरकारने निर्यातीच्या वनस्पतीजन्य औषधांस ही तपासणी सक्तीची केली; शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग. परदेशच्या ग्राहकासाठी काढलेला असा दाखला सिल्वासाच्या पेठेतील गिऱ्हाइकासही मागता यावा, आणि आपणांस तो दाखविता यावा.

लहान दुकानदारास हा खर्च झेपणार नाही, ही तक्रार रास्त आहे. म्हणून संघानेच सभासदांकडील नमुने एकत्र करून सरकारमान्य प्रयोगशाळेकडे धाडावेत, खर्च मालाच्या प्रमाणात वाटावा, आणि प्रत्येक खरेदीस क्रमांक देऊन माल कोठून आला याची नोंद ठेवावी. येत्या वार्षिक सभेपुढे तसा ठराव यावा; प्रारंभ अशोकाच्या सालीपासून करण्यास हरकत नाही.