कागदावर निरोगी, वस्तीत आजारी

मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार, संधिवात. यांपैकी दोन किंवा अधिक जुनाट आजार एकाच माणसाला असणे ही आज देशापुढची मोठी समस्या आहे, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात. ते खरेच आहे. पण कोणत्या समाजात हे आजार किती, याचे जे उत्तर पाहणीचे कागद देतात ते चक्रावून टाकणारे आहे. या कागदांनुसार दलित आणि आदिवासी हे सवर्णांपेक्षा निरोगी ठरतात!

मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. जुनाट आजार सांगणाऱ्यांत श्रीमंत, शहरी आणि सवर्ण पुढे. अनुसूचित जाती मागे आणि अनुसूचित जमाती सर्वांत खाली. हे वाचून कोणी म्हणेल, बघा, कष्टकऱ्यांना रोग होत नाहीत, भाकरी खाऊन ते ठणठणीत राहतात.

थांबा. प्रश्न काय विचारला होता ते आधी पाहा. 'तुम्हाला हा आजार असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे काय?' असा तो प्रश्न. ज्याने आयुष्यात कधी रक्त तपासले नाही, तो काय उत्तर देणार? याच पाहणीत प्रत्यक्ष रक्तदाब मोजला, तेव्हा आजार आहे पण माहीतच नाही असेही लोक सापडले. म्हणजे कागदावर आला तो आजार नव्हे, तर आजाराचे निदान. आणि निदानासाठी पैसा लागतो, सुट्टी लागते, जवळ दवाखाना लागतो. मधुमेहासारखा आजार सुखवस्तू शहरी वर्गात अधिक आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघत नाही.

अमर्त्य सेन यांनी २००२ मध्येच हे दाखवून दिले होते. केरळचे लोक सर्वाधिक जगतात आणि आजारीही तेच सर्वाधिक असल्याचे सांगतात. बिहारचे लोक कमी जगतात आणि आजारही कमी सांगतात. कारण केरळात शिक्षण आहे, दवाखाना आहे, म्हणून आजार ओळखला जातो.

आता स्कॉटलंड पाहा. तेथे १९४८ पासून सर्वांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा आहे आणि प्रत्येकाची नोंद भागातल्या डॉक्टरकडे असते. सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गरीब वस्त्यांतील लोकांना एकाहून अधिक आजार श्रीमंतांपेक्षा दहा ते पंधरा वर्षे आधी गाठतात! जिथे सर्वांची तपासणी होते, तिथे गरिबाचा आजार दिसतो. जिथे होत नाही, तिथे गरीब निरोगी ठरतो.

आजार लपवता येतो, मृत्यू लपवता येत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशासह नऊ राज्यांतील मृत्यूंच्या आकडेवारीवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक, तर आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आहे. गरिबीने यातील निम्म्याहून कमीच फरक स्पष्ट होतो. उरलेल्या फरकाचा जाब जातिव्यवस्थेलाच विचारावा लागेल. निरोगी असलेला समाज आधी कसा मरतो, याचे उत्तर व्यवस्थेने द्यावे.

हा वाद केवळ आकड्यांचा नाही. आकडे पाहून निधी जातो, डॉक्टर जातात, औषधे जातात. ज्याचा आजार कागदावर नाही, त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आजार आणि मृत्यू यांची आकडेवारी जातनिहाय प्रसिद्ध करा. जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला, मग आयुर्मानाच्या सरकारी तक्त्यांत ती का नको? तिशीवरील प्रत्येकाची मोफत तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तो सफाई कामगारांच्या चाळीत, नाक्यावर, ऊसतोडीच्या फडावर न्या. सकाळी दहाला रांग लावायला सांगाल, तर रोजंदारीवरचा माणूस येणार नाही.

चळवळीनेही आपले काम करावे. जयंतीला आरोग्य शिबिर होते, साखर तपासली जाते, चिठ्ठी मिळते आणि वर्षभर कोणी विचारत नाही. प्रत्येक विहारात रक्तदाबाचे एक यंत्र का असू नये? महिन्याला एक रविवार त्यासाठी द्यावा. औषध सुरू झालेल्यांनी ते सोडले नाही ना, हे कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पाहावे.

बाबासाहेबांनी अखेरची वर्षे मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदना सोसत काम केले. ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यांचा त्याग आठवून आजार अंगावर काढणे हा त्यांचा वारसा नव्हे. शिकलेल्या समाजाने आपल्या शरीराचाही हिशेब मागायला शिकले पाहिजे. जयभीम!