रूळ उखडणे सोपे असते

कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो हे नाव आज जगभर ठाऊक आहे. अ‍ॅपल कंपनीचे मुख्य कार्यालय तेथेच आहे. अनेक मराठी कुटुंबेही तेथे स्थायिक झाली आहेत. परंतु मुलाकडे राहावयास गेलेल्या आजीला मोटार चालवता येत नसेल, तर देवळात किंवा दवाखान्यात जाण्यासाठी तिला मुलाच्या सुटीची वाट पाहावी लागते. इतक्या श्रीमंत शहरात अशी वेळ का यावी?

विसाव्या शतकाच्या आरंभी हा सारा मुलूख फळबागांचा होता, आणि त्या बागांमधून विजेची गाडी सॅन होझेला जात असे. १९३० च्या दशकात ती बंद पडली. १९५५ साली क्युपर्टिनो स्वतंत्र शहर झाले आणि पुढे मोटारीच्याच हिशेबाने वाढले. आज तेथील वस्ती सुमारे साठ हजार आहे. सॅन होझेत १९८७ पासून विजेची गाडी पुन्हा धावू लागली, पण ती क्युपर्टिनोपर्यंत पोचलेली नाही. मोठ्या रस्त्याने बस जाते; आतल्या गल्ल्यांतील लोकांसाठी २०१९ मध्ये नगरपालिकेला बोलावल्यावर येणाऱ्या लहान गाड्या सुरू कराव्या लागल्या. घरे आधी बांधली, वाहनाचा विचार मागाहून केला, त्याचे हे फळ.

वाचकहो, त्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या बेटाकडे पाहू. १८६४ साली येथे आगगाडी आली. १९५६ मध्ये उतारूंची वाहतूक थांबली आणि १९६४ मध्ये रेल्वे पुरती बंद झाली. त्याच १९६४ साली मुंबईनेही आपली ट्राम मोडीत काढली. पुढे रस्ते मोटारींनी तुंबले. अखेर भारताच्या साह्याने मेट्रो एक्सप्रेस उभी राहिली; २०२० मध्ये ती रोझ हिल ते पोर्ट लुई धावू लागली आणि २०२२ मध्ये क्युरपीपला पोचली. उखडलेली वाट पुन्हा बांधावयास आपल्याला अर्धे शतक लागले.

परंतु रूळ घातले म्हणजे काम संपले, असे नव्हे. हेन्रिएटाच्या म्हाताऱ्या माणसाला आधी वाक्वाच्या स्टेशनापर्यंत पोचता आले पाहिजे. बस आणि मेट्रो यांच्या वेळा जुळल्या पाहिजेत, आणि संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या मुलीला शेवटची बस चुकण्याची धास्ती नसावी. २००५ पासून वृद्धांना व विद्यार्थ्यांना बसप्रवास मोफत आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण थांब्यावर बसच आली नाही, तर मोफत प्रवासाचा उपयोग काय?

नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर करताना बसचा मार्ग आधी आखला जावा, घरे नंतर उठावीत, अशी आमची सरकारला व नगरपालिकांना आग्रहाची विनंती आहे. आपल्या मंडळांनीही हा प्रश्न सभांत मांडावा. ज्याच्या दारी मोटार नाही, त्यालाही आपल्या माणसांत ये-जा करता आली पाहिजे.