डिझेल की गॅस : टेम्पोवाल्यापुढचा पेच

तालुक्याच्या गावी नवा टेम्पो घ्यायला आलेला माणूस दोन गोष्टींचा विचार घरूनच करून येतो. हप्ता किती झेपेल आणि माल किती नेता येईल. गाडी कोणत्या इंधनावर चालणारी घ्यावी, हा तिसरा प्रश्न परवापरवापर्यंत त्याच्यापुढे उभाच राहत नसे. मालवाहू म्हणजे डिझेल, हे गृहीत होते. २००५ साली बाजारात आलेली आणि पुढे ‘छोटा हत्ती’ या नावाने खेडोपाडी पोचलेली टाटांची एस ही गाडीदेखील दोन सिलिंडरांच्या लहानशा डिझेल इंजिनावरच चालत असे. आज त्या वर्गातील गाड्या डिझेलवर, पेट्रोलवर, सीएनजीवर आणि विजेवरही मिळतात. निवडीला वाव वाढला की ग्राहकाचे बळ वाढते, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. या ग्राहकाच्या बाबतीत मात्र तसे घडलेले दिसत नाही. साठ हप्त्यांच्या कागदावर सही करताना तो वस्तुतः सरकारच्या पुढील काही वर्षांच्या करधोरणावर पैज लावीत असतो, आणि ते धोरण काय असेल हे त्याला कोणीही सांगितलेले नसते.

निव्वळ यंत्राचा विचार केला, तर हा प्रश्न फारसा अवघड नाही. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. ठिणगीची गरज पडत नाही. अशा इंजिनाची ओढ कमी फेऱ्यांवरही दांडगी असते आणि तेवढ्याच कामाला उष्णता कमी खर्च होते. गॅसचे इंजिन मूळचे पेट्रोलच्या घराण्यातले. त्याला ठिणगी लागते, आणि भरल्या गाडीनिशी चढ लागला की खालचा गिअर टाकून इंजिन पळवावे लागते. म्हणून घाट आला की डिझेल, असे चालक सांगतात व ते खरेही आहे. तथापि घाट कोणत्या दिशेने चढायचा, हेही पाहावे लागते. नाशिकचा भाजीपाला वाशीच्या बाजारात नेणारी गाडी कसारा घाट भरलेली उतरते आणि परत येताना बहुधा रिकामी किंवा अर्धी भरून चढते. उलट रत्नागिरीचा आंबा आंबा घाटाने कोल्हापुरास नेणाऱ्या गाडीला भरल्या अंगाने सह्याद्री चढावा लागतो. दोघांनाही ‘घाटावरची गाडी’ म्हणून एकच सल्ला देणारा विक्रेता त्यांतील एकाचे नुकसान करीत असतो.

गॅसच्या बाजूने बोलणारे नेहमी इंधनाच्या खर्चाचा दाखला देतात. त्यांचा हिशेब खोटा नसतो, पण अपुरा असतो. डिझेल लिटरवर विकले जाते आणि गॅस किलोवर. पंपावरील दोन पाट्यांची थेट तुलना केली की पहिली चूक होते. किलोभर गॅसमध्ये लिटरभर डिझेलपेक्षा सुमारे तृतीयांशाने अधिक उष्णता असते. इंजिनाच्या कमी कार्यक्षमतेमुळे त्यातील काही भाग वाया जातो, तरी थोडी आघाडी शिल्लक राहते. दुसरी गोष्ट वजनाची. हा गॅस वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाबाखाली साठवावा लागतो. त्यासाठी लागणाऱ्या जाड पोलादी टाक्यांचे ओझे गाडी रोज वाहते व तेवढा माल कमी भरता येतो. दर तीन वर्षांनी या टाक्यांची दाबचाचणी करून घेणे बंधनकारक आहे. आणि तिसरी गोष्ट रांगेची. पहाटेच्या लिलावाला माल पोचवायचा असेल, तर पंपावर गेलेला तास हा नुसता तास नसतो. उशिरा आलेल्या मेथीच्या जुडीला बाजारात कोण विचारतो?

डिझेलचीही आता पूर्वीची सोय राहिलेली नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ या प्रदूषणमानकानंतर डिझेलच्या गाडीला काजळी अडविणारी गाळणी बसवावी लागली. ही गाळणी स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते. गावातल्या गावात, दुकानापासून दुकानापर्यंत फिरणाऱ्या टेम्पोला तसा रस्ताच मिळत नाही. मग दिवा पेटतो आणि गाडी दुरुस्तीला जाते. अशा गाडीला डिझेल शोभत नाही, एवढे निःशंकपणे म्हणता येईल. लांबचा पल्ला, जड माल आणि भरल्या गाडीने चढ असेल तर डिझेल. शहराच्या अवतीभवती ठरावीक फेऱ्या असतील आणि वाटेवर पंप असेल तर गॅस. गोष्ट इथेच संपली असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

ती संपत नाही, कारण मध्ये पैशाचे गणित आहे. समजा, डिझेल ९० रुपये लिटर आणि गॅस ८० रुपये किलो आहे. डिझेलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि गॅसची किलोला १८. दिवसाला १०० किलोमीटर व वर्षाला ३०० दिवस धावणाऱ्या गाडीचे गॅसवर वर्षाकाठी सुमारे ४६ हजार ७०० रुपये वाचतात. ही रक्कम अनेक महिन्यांचे हप्ते भरण्याइतकी आहे व तिच्याकडे पाहूनच बँकेचा अधिकारी मान हलवितो. आता गॅस १० रुपयांनी महाग झाला असे धरा. बचत ३० हजारांवर येते. त्याच सुमारास डिझेल १० रुपयांनी उतरले, तर ती जेमतेम १० हजारांवर येऊन ठेपते. गाडी तीच, चालक तोच, रस्ता तोच. हप्ताही तोच.

हे दहा-दहा रुपये कल्पनेतले आहेत, असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरील उत्पादन शुल्क एका रात्रीत लिटरमागे १० रुपयांनी कमी केले. त्याच केंद्राने दीड वर्षापूर्वी, मे २०२० मध्ये, ते १३ रुपयांनी वाढविले होते. गॅसची हकिगत तर अधिक बोलकी आहे. महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. मुंबईत सीएनजी किलोमागे ६ रुपयांनी उतरून ६० रुपये झाला. या निर्णयाचे स्वागत करणारी वृत्ते शिळी होण्याच्या आत, आठवडाही उलटला नसताना, दर ७ रुपयांनी चढला. कारण देशातील जुन्या विहिरींतून निघणाऱ्या वायूची सरकारनिर्धारित किंमत त्याच १ एप्रिलला दर एककास २.९० डॉलरवरून ६.१० डॉलरवर गेली होती. ऑक्टोबरात ती ८.५७ डॉलर झाली आणि नोव्हेंबरात मुंबईकर चालक किलोला साडेएकोणनव्वद रुपये मोजीत होता. राज्याने एका हाताने दिलेले केंद्राच्या सूत्राने दुसऱ्या हाताने नेले. दोघांनीही आपापल्या परीने नियमानुसारच केले. गॅस स्वस्त म्हणून मार्चमध्ये गाडी नोंदविलेल्या माणसाने याचा जाब कोणाला विचारावा?

डिझेलचा जुना इतिहासही यापेक्षा वेगळा नाही. शेतकरी, एसटी आणि मालवाहतूक यांना दिलासा म्हणून डिझेल वर्षानुवर्षे स्वस्त ठेवण्यात आले. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले, डिझेल झाले नाही. त्यामुळे मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत, असे विलक्षण चित्र दिसले. या तफावतीचा लाभ नांगरापेक्षा आलिशान मोटारींनी अधिक उचलला. त्या काळात विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. जानेवारी २०१३ पासून डिझेल थोडेथोडे वाढविण्यात आले, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले, आणि जून २०२० मध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग विकले गेले. बत्तीस रुपयांची सवलत आठ वर्षांत उणे झाली. अनुदान काढणे योग्यच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण जो ग्राहक तफावत पाहून गाडी घेतो, त्याला ती किती काळ टिकेल हे आधी सांगण्याची प्रथा आपल्याकडे नाही.

या संदर्भात अमेरिकेतील ग्राहकाकडे पाहणे उद्बोधक ठरते. तिथे ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल, आणि मागे नाव, घोडे किंवा फिरते घर जोडून नेण्यासाठी पिकअप घेणाऱ्यांत ‘गॅस की डिझेल’ हा वाद जुनाच आहे. मोठ्या पिकअपमध्ये डिझेलच्या इंजिनासाठी सुमारे दहा हजार डॉलर जास्त पडतात. संघराज्याचा कर पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे, म्हणजे कराचा भार डिझेलवर अधिक. साहजिकच उन्हाळ्यात चार वेळा तलावावर नाव नेणारा पेट्रोलची गाडी घेतो आणि बारमाही डोंगरातून जड ओझे ओढणारा डिझेलची. कच्च्या तेलाच्या भावाबरोबर पंपावरील दर तिथेही वरखाली होतात. मात्र करातील हे अंतर गेल्या शतकाच्या अखेरीपासून हललेले नाही. (त्यामुळे तिथल्या महामार्ग निधीला तूट येते, हा भाग वेगळा.) गाडीचा मालक मैल आणि ओझे यांचा हिशेब करतो, अर्थखात्याच्या मनात काय आहे, याचा अंदाज त्याला बांधावा लागत नाही.

आपल्याकडे इंधनाचे दर बांधून द्यावेत, असा याचा अर्थ नव्हे. देशाला लागणारे बहुतेक कच्चे तेल आणि निम्म्याच्या आसपास नैसर्गिक वायू बाहेरून येतो; दरांची हमी देणारे सरकार एक तर दिवाळखोर होईल किंवा शब्द मोडेल. अडचणीच्या वर्षी कर वाढविण्याचा तिजोरीचा अधिकारही कोणी काढून घेत नाही. प्रश्न फक्त दोन इंधनांवरील करांच्या अंतराचा आहे. तेवढे अंतर कायम ठेवूनही दोन्हींवरील कर वाढविता येतो. गॅसच्या गाड्या हवेत काजळी कमी सोडतात, म्हणून त्यांना उत्तेजन द्यावे, ही भूमिका रास्त आहे. दिल्लीतील बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशाने सीएनजीवर आल्या त्या याच कारणासाठी. मात्र हवा स्वच्छ ठेवण्याचा लाभ साऱ्या शहराला आणि भावातील चढउताराची जोखीम एका टेम्पोवाल्याला, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. मोठ्या वाहतूक कंपनीजवळ शंभर गाड्या असतात, ती दोन्ही इंधने वापरून जोखीम विभागू शकते. ज्याच्याजवळ एकच गाडी आहे त्याला ती सोय नाही. पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू २०१७ पासून आजवर वस्तू व सेवा कराबाहेर राहिल्याने इंधनावर भरलेल्या कराची वजावटही कोणाला मिळत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने देशी वायूच्या किमतीला साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली आणि दोन वर्षांनंतर ती दरवर्षी पाव डॉलरने वाढेल, हेही त्याच वेळी जाहीर केले. पुढचे आधी सांगणे सरकारला जमते, याचा हा दाखला होय. परंतु शहर वितरणाला मिळणारा या स्वस्त वायूचा वाटा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लागोपाठ दोनदा कमी करण्यात आला. मर्यादा कागदावर राहिली आणि वितरकांना महाग वायूकडे वळावे लागले. किमतीच्या सूत्राबरोबर वाट्याचेही वेळापत्रक केंद्राने जाहीर करावयास हवे. राज्याचा अर्थसंकल्प सहसा मार्चमध्ये मांडला जातो. डिझेल आणि गॅस यांवरील मूल्यवर्धित करात पुढील पाच वर्षे, म्हणजे टेम्पोच्या साठ हप्त्यांइतका काळ, किमान किती अंतर राखले जाईल, हे त्यात एका परिच्छेदात लिहिता येण्याजोगे आहे. तोवर बँकांनी एवढे तरी करावे, की कर्जाच्या अर्जाबरोबर अर्जदाराची रोजची वाट, भरल्या गाडीचा चढ आणि जवळच्या गॅस पंपाचे अंतर विचारून घ्यावे, आणि परतफेडीचा हिशेब गॅस ८० रुपये धरून एकदा व ९० रुपये धरून पुन्हा एकदा मांडून अर्जदारास दाखवावा.