अंकांची गंमत : हातचा आला, आठ पळाला!

वाचकहो, आज कागद-पेन्सिल जवळ घेऊनच बसा. घरातल्या आठ आकडी कॅलक्युलेटरला हे गणित झेपणारे नाही.

११ ला ११ ने गुणले की १२१. १११ ला १११ ने गुणले की १२३२१. असाच एकेक १ वाढवत नऊ एकांपर्यंत गेलात, तर उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकड्यांची संख्या! परार्धाच्या फक्त एक स्थान अलीकडची. डावीकडून वाचा वा उजवीकडून, तीच. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊ नव्वे. १२१ ची बेरीज ४, १२३२१ ची ९. तिथेही तोच मेळ!

अशा संख्यांवर जीव जडला तो दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना एका संख्यागटाची कल्पना सुचली. त्या गटाला त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. आपली आजची संख्या त्यांच्या ‘अद्भुत डेम्लो’ संख्यांपैकी एक. पुष्कळांना हा सारा पोरखेळ वाटे. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले.

आता सांगा, दहा एकांचा वर्ग किती? नऊ वेळा जमले म्हणजे दहाव्यांदाही जमणारच, असे वाटते ना? उत्तर पाहा : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, मध्ये दोन शून्ये! अंकांची बेरीज १०० व्हायला हवी होती, ती भरते ८२.

असे का झाले? गुणाकार शाळेतल्यासारखा मांडा. एकांच्या ओळी एकाखाली एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली. उभी बेरीज करताना कडेला एकच १ येतो, मग दोन, मग तीन. नऊ ओळींत मधल्या रांगेची बेरीज जास्तीत जास्त ९ होते. हातचा येतच नाही. दहा ओळी झाल्या की मधली बेरीज १० होते, हातचा येतो आणि डावीकडची शिस्त मोडतो.

म्हणून मुलांनी उत्तर बरोबर आणले की शाबासकी द्याच. पण ‘असे का?’ हेही विचारा. नऊदा जमलेले दहाव्यांदा का फसले, हे त्या प्रश्नानेच कळते.

जाता जाता एक काम. आठ नसलेल्या १२३४५६७९ ला ९ ने गुणा. उत्तर मी सांगत नाही. ते याच लेखात तुम्हाला भेटून गेले आहे.