पारख हीही शस्त्रसज्जताच

युद्धाचे नगारे वाजू लागले की सरकारच्या दारी संशोधकांची रांग लागते. कुणाच्या झोळीत देश तारणारा शोध असतो, कुणाच्या झोळीत निव्वळ भूलथाप. आणि दुर्दैव असे की, दोघांचीही वाणी सारखीच आवेशपूर्ण असते. यांतून निवड करणाऱ्या अधिकाऱ्याची चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. हिरा गारगोटी म्हणून भिरकावला जातो किंवा गारगोटी हिरा म्हणून कोंदणात बसते. चूक कोणतीही असो, तिची किंमत मोजतो तो सीमेवरचा जवान.

पहिल्या चुकीचे दाखले ब्रिटनच्या इतिहासात विपुल आहेत. लान्सलॉट डी मोल या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने 1912 साली साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या चिलखती गाडीचा आराखडा लंडनच्या युद्धखात्याकडे धाडला. तो नाकारला गेला. 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या रणभूमीवर रणगाडे प्रथम धावले, ते दुसऱ्यांच्या खटपटीने. डी मोलची रचना काही बाबतींत त्यांहूनही सरस होती, अशी कबुली 1919 साली राजकीय आयोगाने दिली. परंतु तोवर खंदकांतील चिखलाने लक्षावधी तरुण गिळले होते. विल्फ्रेड स्टोक्स यांच्या सुटसुटीत उखळी तोफेचीही 1915 साली तीच गत झाली. कोठारात साठविलेले जुने गोळे तिच्यातून उडत नाहीत, हा तिच्यावरील एक आक्षेप होता! लॉइड जॉर्ज यांनी लष्कराच्या नाराजीस न जुमानता, एका हिंदी संस्थानिकाने दिलेल्या पैशातून तिचे काम पुढे रेटले, तेव्हा कोठे ती खंदकांत पोहोचली.

परंतु यावरून प्रत्येक नवलाईस सरकारने माळ घालावी, असा निष्कर्ष कुणी काढू नये. दुसरी चूक किती घातकी असते, हे इराकने अनुभवले. 'एडीई 651' नावाची स्फोटके शोधणारी कांडी त्या सरकारने कोट्यवधी डॉलर मोजून घेतली. तिच्यात स्फोटके हुडकणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. ती विकणारा जेम्स मॅकॉर्मिक यास 2013 साली लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तरीही 2016 पर्यंत ती बगदादच्या नाक्यांवर वापरात होती. त्या कांडीच्या भरवशावर ज्या गाड्या निर्वेध आत सोडल्या गेल्या, त्यांत किती मृत्यू दडलेले असतील, याचा विचारही अंगावर काटा आणतो.

मग मार्ग कोणता? तो 1935 सालच्या एका प्रसंगाने दाखविला आहे. त्या काळी 'मृत्युकिरणां'ची फार हवा होती. शंभर यार्डांवरून मेंढी मारून दाखविणाऱ्यास हजार पौंडांचे बक्षीस ब्रिटिश हवाई खात्याने देऊ केले होते. ते कुणीही पटकाविले नाही. पुढे खात्याने रॉबर्ट वॉटसन-वॉट यांस या कल्पनेबद्दल विचारले. त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित मांडून दाखविले की, असा किरण अशक्य आहे. मात्र विमानावरून परतणाऱ्या लहरींनी ते दुरून ओळखता येईल. हवाई खात्यातील संशोधनप्रमुख डाउडिंग यांनी थैली सोडण्यापूर्वी प्रयोग मागितला. 26 फेब्रुवारी रोजी डॅव्हेंट्रीजवळ तो यशस्वी झाला, आणि 1940 साली त्याच रडारच्या बळावर डाउडिंग यांच्याच वैमानिकांनी ब्रिटनचे आकाश राखले.

या कथेत चमत्कार कोठेच नाही. वेडगळ प्रश्नाचीही टवाळी न करता त्याचे गणित केले गेले. शास्त्रज्ञ आणि सेनाधिकारी एकाच मेजाशी बसले. आणि पैशाआधी पुरावा मागितला गेला. एवढेच!

त्या वेळी हवाई संरक्षणासाठी नेमलेल्या टिझर्ड समितीचे एक सभासद पी. एम. एस. ब्लॅकेट यांनाच स्वतंत्र भारताने 1948 साली संरक्षण-विज्ञानाबाबत सल्ल्यासाठी पाचारण केले होते. 1958 साली संरक्षण संशोधन व विकास संघटना उभी राहिली. पुण्याच्या पाषाण परिसरातील प्रयोगशाळा तिचीच अंगे होत. 2018 पासून 'आयडेक्स' योजनेने छोट्या उद्योजकांसाठीही दार उघडले आहे. परंतु दार उघडणे निराळे आणि आलेल्याची पारख करणे निराळे. प्रत्येक प्रस्तावाची ठरावीक मुदतीत तपासणी व्हावी, चाचणी विक्रेत्याच्या नव्हे तर त्रयस्थांच्या देखरेखीखाली घडावी, नकार द्यावयाचा तर कारणे लेखी द्यावीत, आणि नाकारलेल्या कल्पनांची नोंद पुन्हा पाहता येईल अशी जपावी, एवढी आमची मागणी आहे. यांतील गुप्ततेची सबब नेहमी पुढे केली जाते. शत्रूपासून गुपित राखणे हे कर्तव्यच. परंतु स्वतःची चूक झाकण्यासाठी त्याच पडद्याचा वापर होऊ लागला, तर तो देशद्रोहाच्या जवळ जातो.

शस्त्रे पैशाने विकत मिळतात. ती पारखणारी नजर मात्र शांततेच्या काळातच घडवावी लागते. तोफा धडधडू लागल्यावर ती घडविण्यास कुणालाही उसंत मिळत नाही.