बांधावरचं भांडण आणि बंदुकीचा परवाना



मका कणसाला आला, भुईमुगाला शेंगा भरल्या की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. रात्रभर माळ्यावर बसून डबे बडवायचे आणि सकाळी आडवं झालेलं पीक बघायचं, हे दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक. अशा वेळी पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढावा असं वाटणं साहजिक आहे. कायद्यातही त्याची सोय आहे. पण परवाना देताना सातबाऱ्याबरोबर पोलिसांकडची आपली नोंदही पाहिली जाते.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने असाच अर्ज केला. जंगलाला लागून चार एकर मका, गरज खरी. पण दोन महिन्यांपूर्वी भावकीत बांधावरून काठ्या निघाल्या होत्या. पोलिसांनी दोन्हीकडच्यांवर चॅप्टर केस केली आणि याने एक वर्ष शांतता राखण्याचा बाँड लिहून दिला. अर्जात मात्र 'काही नाही' असं लिहिलं. पोलिसांचा अहवाल गेला आणि अर्ज नामंजूर झाला. मला म्हणाला, "सायेब, मी काय जेलात गेलो होतो का?"

जेलात गेला नव्हता हे खरं. पण शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ९ नीट समजून घ्या. हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली, मग ती कितीही दिवसांची असो, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे बंदूक घेता येत नाही आणि बाळगताही येत नाही. चांगल्या वर्तणुकीचा किंवा शांतता राखण्याचा बाँड देण्याचा आदेश झाला असेल, तर बाँडची मुदत संपेपर्यंत तीच बंदी. पूर्वीचे '१०७' आता २०२३ च्या नव्या संहितेत कलम १२६ झाले आहे. आकडा बदलला तरी परिणाम तोच.

मग नुसता गुन्हा दाखल असेल तर? तेवढ्याने कलम ९ लागत नाही. मात्र सार्वजनिक शांततेला धोका वाटला, तर कलम १४ खाली अर्ज नाकारता येतो. त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्या आणि पटत नसतील तर मुदतीत अपील करा. एक गोष्ट मात्र करू नका, माहिती लपवू नका. लपवून मिळवलेला परवाना पुढे उघडकीला आला की रद्द होऊ शकतो. त्या शेतकऱ्याने वर्षभर थांबून खरं लिहिलं असतं, तर निदान कलम ९ ची आडकाठी राहिली नसती.

ज्यांच्या घरी बंदूक आधीपासून आहे त्यांनीही सावध राहावं. अशी शिक्षा झाली किंवा परवाना रद्द झाला, तर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. "आजोबांची आहे, राहू दे माळ्यावर" हे चालत नाही. विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे. राखणीसाठी शेजाऱ्याची बंदूक आणणंही गुन्ह्यातच मोडतं. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. जनावर मारायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

आता दोन शब्द गावच्या कारभाऱ्यांना. पोलीस पाटील, तलाठी भाऊसाहेब, तुमच्या शब्दाला वजन आहे. 'वर्तणूक चांगली' असं डोळे झाकून लिहू नका. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या हातात बंदूक गेली, तर पीक वाचेल, पण माणूस जाईल. उलट, जुन्या गटबाजीचा राग काढायला एखाद्या गरजू शेतकऱ्याची वाट अडवू नका. जे आहे तेवढंच लिहा.

आणि बंधूंनो, बांधाचा वाद असेल तर काठीच्या आधी मोजणीचा अर्ज करा. मोजणीची फी भरून विषय मिटतो. काठी उचलली तर पुढच्या हंगामात पीक राखायचा हक्कही हातचा जातो.